पयले पाटीवर

भंडाऱ्याच्या आमच्या भांड्यांच्या गल्लीत कटकटी काही नवीन नाहीत. पण कटकट ऐन रंगात आलेली असताना एक माणूस मांडीवर पाटी घेतो, पेन्सिल जिभेला लावतो आणि शांतपणे लिहायला बसतो, हे दृश्य तुम्हाला फक्त आमच्याकडे दिसेल.

समोरचा माणूस तोवर लालबुंद झालेला असतो. "अबे, मी काय बोलून राहिलो अन् हा काय लिहून राहिला?" असं तो आजूबाजूच्यांना विचारतो. आजूबाजूचे त्याला सांगतात, "थांबा जी थोडे. त्याचं असंच राह्यते."

तो माणूस लिहितो. लिहिलेलं स्वतःशी वाचतो. मान हलवतो, ओल्या फडक्यानं पुसतो आणि पुन्हा लिहितो. पुन्हा पुसतो. एव्हाना चार-दोन सायकली थांबलेल्या असतात, भाजीवालीनं टोपली खाली ठेवलेली असते आणि भांडायला आलेला माणूससुद्धा राग विसरून पाटीत काय आहे ते बघायला मान लांब करत असतो. चौथ्या वेळी पाटी फिरते. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं : 'चूक तुमची आहे. पण चहा घ्या.'

हे आमचे देवाजी भाऊजी. भांड्यांवर नावं टाकतात.

माझं पिको-फॉलचं दुकान त्यांच्या बरोब्बर समोर आहे. दुकान म्हणजे काय, एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि मी. आमच्या यांची आणि देवाजींची जुनी ओळख, म्हणून मी वैनी आणि ते भाऊजी. दहा वर्षं झाली, त्यांची मशीन टर्रर्र करते आणि माझी खडखड करते. आवाजावरून मला त्यांच्या मनातलं कळतं. टर्रर्र सरळ चाललं तर सगळं ठीक. मध्येच तुटलं तर समजायचं, भाऊजींचं डोकं फिरत आलं.

पाटी मुळात धंद्याची. गिऱ्हाईक गुंड घेऊन येतं, म्हणजे आमच्याकडची पाणी भरायची पितळी घागर हो. नाव सांगतं. भाऊजी ते आधी पाटीवर लिहितात, गिऱ्हाइकाला दाखवतात आणि होकार आल्यावरच सुई भांड्यावर टेकवतात. कारण पाटीवरचं पुसता येतं, पितळेवरचं नाही. पुढं ही पाटी त्यांनी रागालाही लावली. तोंडातून काही बाहेर पडायच्या आधी पाटीवर उतरवायचं आणि डोळ्यांनी बघायचं.

"वैनी," ते मला सांगायचे, "माहा राग एक्स्प्रेस हाये अन् माही अक्कल पॅशिंजर. राग भंडाऱ्यात उतरून काम करून मोकळा होते, तवा अक्कल तिकडं तुमसर रोडलेच उभी राह्यते. थे येऊन पोचेपर्यंत कोनी तरी रागाले टेशनवर बसवून ठेवाले पाहिजे ना!"

एवढ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांचा दुसरा उपाय म्हणजे सुई. राग फार चढला की ते मशीनची सुई स्क्रू ढिला करून काढायचे, रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, "धरा." मी ती बटणांच्या डब्यात टाकायची. ती परत मिळायची एका अटीवर. मी विचारायचं, "त्या मानसात काय चांगलं हाये?" आणि त्यांनी एक तरी गोष्ट सांगायची. खरी. उगाच सांगून चालायचं नाही.

बाई गं, त्या अटीपायी काय काय ऐकलंय मी! एकदा विजेच्या मीटरवाल्याशी वाजलं. अर्धा तास भाऊजी माझ्या स्टुलावर बसून विचार करत होते.

"काही सापडलं काय?" मी विचारलं.

"पाहून राहिलो."

"अजून?"

"त्याच्या चपला सोच्छ होत्या," ते म्हणाले. "चिखलाचे दिवस अन् चपला सोच्छ. म्हंजे घरात जपून वागत असन."

मी सुई दिली.

त्यांना एक सवय होती, स्वतःच्या रागाबद्दल ते तिऱ्हाइतासारखं बोलायचे. सकाळी दुकान उघडताना मी विचारायची, "काय जी भाऊजी, बरं हाये ना?" तर म्हणायचे, "मी बरा हावो. थो मातर सकाळपासून उठून बसला हाये." थो म्हणजे राग. शेजारी नातेवाईक राहायला आलेला असावा आणि त्याचं काही खरं नाही, अशा सुरात. तिखट खायचे नाहीत, 'थो' जागा होतो म्हणून. नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचे, "मी तापट हावो. थोडं दमानं घेजा."

मी त्यांना फार हसायची. गल्लीत सगळेच हसायचे. एवढा पन्नाशीचा, अंगानं सडसडीत, डोक्याला कायम गमछा गुंडाळलेला माणूस, ना कोणावर हात उचलला, ना कोणाला आईवरून बोलला, आणि स्वतःला असा बांधून ठेवतो जसा काही पिसाळलेला बैलच.

मग एकदा आमच्या यांनी मला खरी गोष्ट सांगितली आणि माझं हसू जिथल्या तिथं थांबलं.

देवाजींना एक बहीण आहे. शकुन. आईवडील लवकर गेले, तेव्हा ही सात वर्षांची. भाऊजींनीच तिला वाढवलं. वेणीफणी केली, शाळेत पोचवलं. स्वतःचं लग्न 'हिचं झाल्यावर पाहू' म्हणत राहूनच गेलं. तिला अड्याळचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी आंदणाची अकरा भांडी स्वतः निवडली आणि प्रत्येकावर नाव टाकलं : 'चि. शकुनला, भाऊ देवाजीकडून'. नुसतं नाव नाही, भोवती वेलबुट्टी.

लग्नाच्या मांडवात आंदण मांडून ठेवायची रीत आहे. आल्यागेल्यानं बघायचं, कौतुक करायचं. भाऊजी आपली मशीन घेऊन तिथंच बसले होते, कारण येणाऱ्याच्या भेटवस्तूवरही हातोहात नाव टाकून द्यायचं होतं. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा आला. गुंड उचलून पाहिला आणि म्हणाला, "पितळ कोन घासत बसते आता? स्टील देल्लं असतं तं कामी तरी आलं असतं."

भाऊजींचे कान तापले. शकुनला भावाचा स्वभाव माहीत. वातावरण निवावं म्हणून ती बिचारी घाईघाईत हसून म्हणाली, "राहू द्या ना दादा. मामाजी काही वावगं नाही बोलून राहिले."

बस्स. त्या एका वाक्यावर गेलं सगळं. मामावरचा राग बहिणीवर फिरला. भाऊजींनी मशीन सुरू केली, एकेक भांडं पुढं ओढलं आणि स्वतःचं नाव खोडायला सुरुवात केली. भर मांडवात. टर्रर्र, टर्रर्र. अकराच्या अकरा भांड्यांवर 'भाऊ देवाजीकडून' या अक्षरांवर आडव्या-उभ्या रेघा. कोणाची जवळ जायची हिंमत झाली नाही. शकुन हळदीच्या अंगानं उभी राहून बघत होती. शेवटचं भांडं झालं तसे भाऊजी म्हणाले, "आता याच्यावर माहं नाव नाही. घेऊन जा."

ती घेऊन गेली. वरातीबरोबर अकरा भांडी गेली. नंतर बहिणीला माहेरी आणायला भावानं जायचं असतं, ते हे गेले नाहीत. पहिल्या आठवड्यात रागानं गेले नाहीत आणि दुसऱ्या आठवड्यापासून लाजेनं.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. रागाला लावलेली पाटी आणि सुई, सगळं त्याच्यानंतरचं.

आता मी पडले तोंडाळ. गोष्ट कळल्यावर मी गप्प कशी बसणार? रोज पाठी लागायची. "जा ना जी अड्याळले. पवनीची बस धरा, तासाभरात पोचता." ते ऐकून घ्यायचे. एक दिवस म्हणाले, "जाईन. पन गेलो अन् तिथं थो मामा भेटला, अन् पुन्हा मले राग आला तं?"

"पाटी हाये ना तुमच्यापाशी."

"पाटी गिऱ्हाइकासाठी ठीक हाये, वैनी. शकुनसमोर पाटी धरून बसू काय? अन् तिनंच काही म्हनलं तं? तिचा हक हाये बोलाचा. पन माहा भरोसा नाही."

असा हा माणूस. स्वतःचा स्वभाव इतका ओळखून बसला की त्याच्याच भीतीनं घराबाहेर पाऊल पडेना.

रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते पाटीवर काहीतरी लिहायचे, थोडा वेळ बघायचे आणि पुसून टाकायचे. मला राहवेना. एकदा सुई परत द्यायच्या निमित्तानं मी मागून डोकावले. लिहिलं होतं : 'शकुन, मी उद्या येऊन राहिलो.' माझ्यादेखत पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेरा वर्षं रोज तेच लिहीत असतील का, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत न होणं ही गोष्ट तशी दुर्मीळ आहे.

आता माझ्या करणीचं सांगते.

गेल्या लगीनसराईत भाऊजी एका लग्नाच्या भांड्यांवर नावं टाकायला मशीन घेऊन तुमसरला गेले होते. दुपारी एक बाई माझ्या दुकानासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी जड. समोरचं बंद दुकान बघत होती.

"नाववाले बसत नाहीत काय आज?" तिनं विचारलं.

"तुमसरले गेले. काय काम होतं?"

तिनं पिशवीतून गुंड काढला. असा लखलखीत की माझ्या दुकानातला बल्ब त्यात दिसला. पोटावर एका जागी रेघांचं जाळं होतं. मी ते जाळं पाहिलं आणि ओळखलं.

"नाव टाकून पाहिजे होतं," ती म्हणाली. "जुनं खोडलं गेलं."

आता बघा, मी काय करायला हवं होतं? तिला स्टूल द्यायचं, पाणी द्यायचं. म्हणायचं, बस माय, येतातच आहेत. एवढं सोपं. आणि मी काय केलं? मी त्या माणसाला रोज लिहिताना-पुसताना पाहिलं होतं, ते सगळं माझ्या घशाशी आलं आणि मी सुरू झाले.

"तेरा वर्षांनी भाऊ आठवला काय वं तुले? चुकलं त्याचं, मान्य हाये. पन ज्यानं तुही वेनी घातली, त्याच्या एका चुकीपायी तू फिरून पाह्यलं नाही? थो इथं रोज झुरून राहिला, अन् तू आली तं भांडं घेऊन! भांड्यावरच्या नावाची पडली तुले, मानसाची नाही?"

आणखीही बोलले. सगळं सांगत नाही. शिलाई मशीनवरचा माझा पाय सुटला होता आणि तोंडाचा लगामही.

तिचे डोळे भरून आले तेवढं मला दिसलं. गुंड हळूच माझ्या स्टुलावर ठेवला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि निघून गेली.

आणि खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मला बरं वाटलं. भाऊजींच्या बाजूनं बोलले म्हणून छाती भरून आली. मग माझं लक्ष त्या गुंडाकडं गेलं आणि माझ्या लक्षात आलं की गावात नाव टाकणारे काय कमी आहेत? ही बाई तेवढ्यासाठी अड्याळहून भंडाऱ्याला कशाला येईल? ती भांडं नव्हती घेऊन आली, निमित्त घेऊन आली होती.

मी दुकान तसंच टाकून स्टँडवर पळाले. पवनीची बस निघून गेली होती. या वयात एवढी पळाले की परत येताना दोनदा बसावं लागलं.

चारच्या सुमारास भाऊजी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. मनात म्हणत होते, आज या माणसाला राग येऊ दे, आज तो पाटी न घेता बोलू दे, माझी तीच लायकी आहे.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पिशवीतली मशीन काढली, स्क्रू ढिला केला आणि सुई माझ्यापुढं धरली. "धरा."

मी ती घेतली. पण नेहमीचा प्रश्न मला विचारवेना. कोणाबद्दल विचारणार? राग माझ्यावरच होता.

ते स्टुलाजवळ उभे राहिले. मग आपणच म्हणाले, "माह्या बाजूनं बोलल्या तुमी, वैनी. आजवर कोनी बोललं नव्हतं." आणि सुईसाठी हात पुढं केला.

मला तिथंच रडू फुटलं.

मग त्यांनी गुंड उचलला. खोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आमच्यासारख्याला पितळ म्हणजे पितळ, पण त्यांची जिंदगी त्या पितळेवर गेलेली.

"इथं पातळ झालं हाये," ते म्हणाले. "पाहा, हात लावून पाहा. बाकी गुंड जाडजूड हाये, अन् इथं कागदावानी. एवढ्याच जागेवर घासलं हाये तिनं. विटेच्या पुडीनं, राखेनं. रेघा निघाव्या म्हनून. खालचं नाव दिसावं म्हनून." थोडं थांबून म्हणाले, "तेरा वर्षं घासलं हाये हे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते मशीन आणि गुंड घेऊन अड्याळला गेले. जाताना पाटी माझ्या स्टुलावर ठेवून गेले. म्हणाले, "तुमाले लागन."

दोन दिवस समोरचं दुकान बंद होतं. माझा एकही फॉल सरळ लागला नाही.

तिसऱ्या दिवशी ते आले. दुकान उघडलं, झाडलं, मशीन बाहेर काढली, पण सुरू केली नाही. मीच रस्ता ओलांडला.

"भेटली?"

"भेटली."

"बोलली?"

"पयले तं जेवाले वाढलं. मी म्हनलं, शकुन, नाव टाकून देतो. मशीन आनली होती. पन सुई टेकवली अन् लक्षात आलं, इथं आता नाव बसत नाही. पितळ राहिलंच नाही तेवढं. सुई लावली तं आरपार जाईन अन् गुंड गळन." ते आपल्या हाताकडं बघत होते. "तिनं माह्या हातातून गुंड घेतला. म्हने, राहू द्या दादा. कोनाचा हाये थे मले माहीत हाये."

"मंग तं चांगलंच झालं ना जी!" मी म्हटलं.

त्यांनी फडक्यानं मशीन पुसली. मग म्हणाले, "तिले पोरगी हाये. अकरा वर्षांची. दाराशी आलो तं पोरगीच समोर आली. मले पाहून आत पळाली अन् मायले म्हने, आई, एक काका आले."

मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

"काका," ते म्हणाले. "तिची काय चूक, वैनी? मामा कसा दिसते, हे कोनी दाखवलंच नाही तिले. शकुननं सांगितल्यावर मंग मामा म्हनलं तिनं. लाजून. निघताना त्याच गुंडातलं पानी आनून देल्लं. पन पयला शब्द काका."

त्यांनी मशीन उलटी केली, स्क्रू ढिला केला आणि सुई माझ्या हातात दिली. "धरा."

"आता कोनावर?"

"माह्यावरच."

रीत म्हणजे रीत. मी विचारलं, "मंग सांगा, काय चांगलं हाये त्या मानसात?"

मीटरवाल्यासाठी त्यांना अर्धा तास लागला होता. त्या दिवशी दुपार झाली. गिऱ्हाइकं आली आणि परत गेली. शेवटी म्हणाले, "नाही सापडून राहिलं, वैनी. ठेवा आजचा दिवस."

माझ्या जिभेवर शंभर गोष्टी होत्या. वेणी घातली, वाढवलं, लग्न केलं नाही, किती सांगू? पण आदल्या खेपेला माझ्या जिभेनं काय केलं होतं ते मला आठवलं. मी माझ्या दुकानात आले आणि पाटी मांडीवर घेतली.

एक वाक्य लिहिलं. वाचलं तर भाषण वाटलं. पुसलं. दुसरं लिहिलं, त्यात त्यांची कीव होती. तेही पुसलं. तिसऱ्यात तर मीच मोठी दिसत होते. बाई गं, हे भलतंच अवघड काम! हा माणूस तेरा वर्षं रोज हे करत होता आणि मी समोर बसून हसत होते.

चौथ्या वेळी जे लिहिलं ते पुसलं नाही. रस्ता ओलांडून गेले आणि पाटी त्यांच्याकडं फिरवली.

'तुमी अड्याळले गेले.'

त्यांनी वाचलं. गमछ्यानं तोंड पुसलं आणि सुईसाठी हात पुढं केला.